पहिली धार

टेकडीमागच्या तोफा थांबल्या आणि सोपानने गोणपाट खांद्यावर टाकलं. लष्कराचा सराव संपला, की तोफगोळ्यांचं पितळ, लोखंड वेचायला सगळं गाव टेकडीकडे धावायचं. भंगारवाला पायथ्याशी काटा लावून बसलेलाच असायचा. गावातल्या चुली त्यावरच पेटायच्या.

"भाऊजी, आज नका जाऊ," हौसा म्हणाली. "दुधाचा टेम्पो आज पहिल्यांदा येतोय. रिकामा गेला, तर पुन्हा यायचा नाही."

"एका म्हशीवर घर चालतं का, वहिनी?"

दारात बसलेला थोरला भाऊ, भिवा, उठला. त्याचा उजवा हात टेकडीवरच, न फुटलेल्या गोळ्याने नेला होता; तरी जाणाऱ्याला त्याने कधी अडवलं नव्हतं. त्याने बादली सोपानपुढे धरली.

"तोफांनी म्हैस बिथरलीय. तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. तेवढी धार काढ, मग जा."

सोपान चडफडत म्हशीपाशी बसला. बाहेरून हाक आली, "चल रे, मागं राहिलास तर काही उरायचं नाही." धावती पावलं दूर गेली. म्हैस थरथरत होती, पान्हा सोडत नव्हती. तो तिच्या कासेवरून हात फिरवत राहिला. तिघांचेही कान टेकडीकडे होते. मग बादलीत धार वाजली.

टेम्पोचा हॉर्न ऐकू आला, तेव्हा बादली उचलून सोपान स्वतःच रस्त्यावर गेला.

"एवढंच?" ड्रायव्हरने विचारलं.

सोपानने टेकडीकडे पाहिलं. माणसं वाकून वेचत होती.

"आज एवढंच," तो म्हणाला. "उद्या किती वाजता येशील?"