विहिरीचे दोन जिने

जर्मनीत येनाला आल्यापासूनची पहिली सुट्टी एकत्र घालवायची की नाही, यावरून यशोधनचं आणि ज्ञानदाचं पुन्हा वाजलं.

"म्हणे इटलीतलं टेकडीवरचं गाव! तुझ्याबरोबर आपल्या जिन्यातसुद्धा चालवत नाही मला," ती फणकारली.

त्याने ऑर्व्हिएतोचं पान उघडून पुस्तक तिच्यापुढे आपटलं. "मग ही तिथली विहीर बघ. एकात एक गुंफलेले दोन गोल जिने आहेत. उतरणारा आणि चढणारा कधी समोरासमोर येतच नाहीत."

"गेनाऊ! अगदी बरोबर! त्यासाठी इटलीला कशाला जायचं? या घरात आपण दुसरं काय करतोय?"

यशोधनने पुस्तक मिटलं.

"तिथे मधल्या भिंतीला खिडक्या आहेत, ज्ञानदा. पलीकडचं माणूस दिसतं तरी."