मूठभर कणीक

सारा मुलूख धानाचा. शामकलाच्या घरात गव्हाची कणीक होती मूठभरच. तिरोड्याहून बैलबंडीने आलेल्या कीर्तनकार बुवांचा भात न खाण्याचा नेम. पण तिचा लेक भोजराज आज पहिल्यांदाच कीर्तनात मृदंग वाजवणार होता, आणि डाव्या तोंडावरच्या कातडी पुडीला भिजवलेली कणीक लावल्याशिवाय मृदंग घुमत नाही.

"सारी कणीक मृदंगाले लावलीस? आता बुवा जेवतील काय?" नवरा पुटपुटला.

मृदंग छान घुमला. कीर्तन रंगलं. शामकलाची मात्र नुसती चुळबुळ चालली होती.

आरतीनंतर तिने हात जोडून बुवांना खरं ते सांगितलं.

बुवांनी पुडीवरची कणीक खरवडून तिच्या हातावर ठेवली. "इतका वेळ देवाचं नाव घेत होती ही. पाण्याचा हात लावून भाज, माय."