गालांचा जोर

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. भट्टीवर काच फुंकणाऱ्या बारा कारागिरांपैकी अकरा जणांची वार्षिक तपासणी आटोपली होती. बाराव्याची तपासणी आपण करायची नाही, असे छातीरोगतज्ज्ञ बाईंनी आधीच ठरवले होते. तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. ते काम सहायक डॉक्टरांकडे सोपवून त्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या.

श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीवरचा काटा चारशेपर्यंत गेला तर भट्टीचे काम चालू. अलीकडे अडला तर बंद.

"नळी जपा हं, डॉक्टरसाहेब," भाऊ म्हणाला. "कारखान्यात मला भाता म्हणतात."

त्याच्या खिशातून ई-सिगारेटचे निळे टोक डोकावत होते. सिगारेट सुटेना म्हणून दोन वर्षांपूर्वी बाईंनीच ती सुचवली होती. तिच्यावरून सकाळपासून दोघा डॉक्टरांची जुंपली होती.

"धुरापेक्षा वाफ कमी घातक, एवढंच माझं म्हणणं आहे," बाई म्हणाल्या.

"कमी म्हणजे किती, मॅडम? वीस-पंचवीस वर्षांनी काय होतं, ते अजून कोणी पाहिलेलंच नाही. आणि निकोटिन सुटलं कुठे? नुसतं भांडं बदललं."

भावाने नळी ओठांत धरली आणि फुंकली. काटा टणकन उडाला. पाचशे वीस.

सहायक डॉक्टरांनी आकडा दोनदा पाहिला. "माघार घेतो, मॅडम. तुमचं बरोबर ठरलं."

बाई हसल्या नाहीत. फुंकण्याच्या क्षणी भावाचे गाल फुगून आत बसलेले त्यांनी पाहिले होते. तप्त काचेत हवा गालांतून सोडायची, छातीतली राखून ठेवायची, हे वडिलांनी दोघा भावंडांना एकाच भट्टीसमोर शिकवले होते. आणि ही नळी पहिला झटका तेवढा मोजते. तो कुठून आला, हे तिला कळत नाही.

त्या उठल्या. "पुन्हा फुंक."

"कशाला? साहेबांनी मानलं की!"

"छातीतून फुंक."

भावाचे हसू मावळले. "ताई," तो आवाज खाली आणून म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही गं."

"ठाऊक आहे मला."

त्यांनी दोन्ही तळवे त्याच्या गालांवर घट्ट ठेवले. लहानपणी त्याचे तोंड पुसताना त्या असेच धरत. त्याने त्यांच्याकडे पाहिले, छाती भरून घेतली आणि फुंकले. तळव्यांखाली गाल हलले नाहीत. खांदे मात्र थरथरले, आणि मग कोरडा खोकला आला, तो बराच वेळ थांबेना.

काटा थोडा सरकून राहिला होता.

सहायक डॉक्टरांनी पेन उचलले, पण टेकवले नाही. "मॅडम, नियमाने मोठा आकडा धरतात."

"छातीचा धरतात. दुसरा लिहा."

"हे जुन्या सिगारेटचंही असू शकेल."

"असू शकेल. कशाचं किती, हे आज मला सांगता येत नाही. सकाळी तुम्ही हेच म्हणत होतात." त्यांनी मानेने कागदाकडे खूण केली. "शेऱ्यात लिहा : दोन वर्षे ई-सिगारेट, माझ्या सल्ल्याने."

भावाने खिशातली निळी नळी काढून टेबलावर ठेवली. बाईंचे तळवे अजून त्याच्या गालांवरच होते.

सहायक डॉक्टरांनी आकडा लिहिला. दोनशे नव्वद.