काकांचं फोल्डर

सर्व्हरच्या पडद्यावर पुन्हा तेच उमटलं: हे फोल्डर काढून टाकायची तुम्हाला परवानगी नाही.

“बघा ना काका,” सर्व्हर सांभाळणारी मुलगी म्हणाली. “सकाळपासून डोकं खातंय. तुमच्या नावावरचं आहे ना, माझं मेलं ऐकतच नाही.”

ही शुद्ध थाप होती. मालकी स्वतःच्या नावावर करून घेतली, की असलं फोल्डर चुटकीसरशी उडतं. हे तिला काकांनीच शिकवलेलं. ही खुर्ची आधी त्यांची होती. पण निवृत्त झाल्यापासून ते नुसते भिंतीकडे बघत बसतात, दाढीसुद्धा करत नाहीत, असं काकूंनी फोनवर सांगितलं आणि तिला राहवेना. त्यांचं जुनं खातं तिने आजच्यापुरतं उघडून दिलं होतं.

काकांनी आधी खुर्चीची उंची नीट केली. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“मालकी बदलून पाहिलीस?”

“नाही जमलं,” ती कीबोर्डकडे बघत म्हणाली.

“हं.” ते कामाला लागले. फोल्डर गेलं. मग सर्व्हरशेजारी चहाचा कप ठेवणाऱ्या हिशेबनीसाला त्यांनी असं फैलावर घेतलं, की सगळं ऑफिस खूश झालं. तोही खूश झाला.

“आणखी काही अडलंय?”

“नाही काका, आता सगळं सुरळीत.”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. काकांचा चेहरा एवढासा झाला होता.

“बरं. तू जेवून घे. मी एकदा नजर फिरवतो आणि निघतो.”

संध्याकाळी त्यांचं खातं बंद करताना तिला त्यांच्या नावावर एक नवंकोरं फोल्डर दिसलं. आजच दुपारी केलेलं. आत काही म्हणजे काही नाही. काढायला गेली, तर परवानगी नाही.

तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. फोल्डरला हात न लावता तिने फोन उचलला.

“काका, आणखी एक अडकलंय हो.”

“काय सांगतेस!” काकांना भलतंच आश्चर्य वाटलं. “छे छे, हे फोनवर व्हायचं नाही. मलाच यावं लागणार.”

फोन बंद करायचंही त्यांना भान राहिलं नाही. पलीकडून त्यांची हाक तिला स्वच्छ ऐकू आली.

“अगं, ऐकलंस का? उद्या माझा डबा कर!”