विहिरीत गोठलेलं पपनस

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात, तारकर्लीच्या उकाड्यात मी चॉकलेट दगडासारखं घट्ट केलं. पपनसाच्या साली तीनदा उकळून कडूपणा घालवला, साखरेच्या पाकात मुरवल्या आणि भाच्याने मस्कतहून आणलेल्या चॉकलेटात बुडवल्या. बशी अक्कासमोर धरली. साठ वर्षांत या थोरल्या बहिणीने माझ्या हातच्या कशालाही बरं म्हटलं नव्हतं. “दिसता बरा,” ती म्हणाली आणि मी धन्य झालो. “माझो आज सोमवार, फराळाक चलतला. पण फ्रीज नाय, मगे ह्या घट झाला कसा?” “आमच्या बावीत हिमालयातलो झरो आसा गो! पोहरो वर काढलंय, तर आत बर्फ!” अक्काने विहिरीत वाकून पाहिलं, साल नाकाशी नेली आणि ताडकन खाली ठेवली. “मेल्या, उपास मोडतलंस माझो! हो मासळीचो बर्फ! तुझ्या बावीत बांगडे कधीपासून पोवाक लागले?”