पावाची लाज

"आज तरी बोलली नाही, तर सोमवारपासून घरीच ठेवते हिला," असं शिफ्राची आई शुक्रवारी सकाळी सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या, बालवाडीत केतुरा टीचरना सांगून गेली होती. बालवाडीत आल्यापासून शिफ्रानं तोंडच उघडलं नव्हतं.

आठवडाभर शब्बाथची, शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या पवित्र दिवसाची, तयारी चालली होती. पोरांनी मेणबत्त्या रंगवल्या, पिठाच्या वेण्या घालून पाव केला. प्रार्थना आधी मनुकांच्या शरबतावर होते. तोवर मागे राहिलेल्या पावाला लाज वाटू नये म्हणून त्याला रुमालानं झाकतात, हेही टीचरनी शिकवलं. शिफ्रा नुसती बघत बसायची.

शुक्रवारी ऐन प्रार्थनेत वर्गातल्या नोआच्या हातून शरबताचा पेला पांढऱ्याशुभ्र चादरीवर कलंडला. पोरं फिदीफिदी हसली. नोआ रडकुंडीला आली.

तोच शिफ्रा उठली. पावावरचा रुमाल ओढून तिनं नोआच्या डोक्यावर टाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कुणी बघू नका! तिला लाज वाटतेय."

शिफ्राला न्यायला आलेली आई दारातच थबकली.

शिफ्राचं लक्ष आता उघड्या पावाकडे गेलं. "टीचर, तुमचा पदर द्या ना."

केतुरा टीचरनी पदर पावावर पसरला. मग डोळे पुसायला त्यांच्याकडे काही उरलंच नाही.