काकूंच्या पापडांवरचा धूर

"तुझ्या बंबाचा धूर माझ्या पापडांवर येतो!" शेजारच्या कुमुदकाकू रोज ओरडायच्या. एका थंड सकाळी मीही चिडले. परसातल्या न्हाणीघरात बंब पेटवला, खिडकी धाडकन लावली आणि पाणी तापेपर्यंत शेकत बसले. घ्या, आता कसा येतो धूर!

थोड्या वेळाने डोकं गरगरू लागलं. उठायला गेले, तर पायांत त्राण नव्हतं. तेवढ्यात दार दणाणलं.

"अगं, आज धूर कसा नाही? आहेस ना आत?"

कडी मोडून काकूंनी मला बाहेर ओढलं, स्वतःची शाल गुंडाळली आणि पाठ चोळत बसल्या.

आता मी आधी खिडकी उघडते, मगच बंब पेटवते. पलीकडून आवाज येतो, "आला गं मेला धूर!" मी आतून ओ देते.

पापड कधीच गच्चीवर गेलेत. काकूंनी ओरडणं मात्र सोडलेलं नाही.